पंचेचाळीस म्हणजे नेमकं किती? एक बिग बोअर एअर रायफल आणि तिच्या गोळ्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्यांची ही हकीकत आहे त्यांचं नाव देत नाही, मी त्यांना काका म्हणतो तेच इथेही म्हणतो. काका वीसेक वर्षं ०.१७७ ची (हे आकडे इंचात) मॅच, म्हणजे स्पर्धेची, एअर रायफल मारत आलेत, कागदावर, १० मीटरवर, आणि चांगली मारतात. हात स्थिर, श्वास ताब्यात, ट्रिगर सुटतो तेव्हा नळी जरासुद्धा हलत नाही. मग त्यांच्या मनात आलं की आता लांबचं टार्गेट मारायचं, १०० यार्ड, पण बारूद नको, हवेवरच. म्हणून त्यांनी ०.४५ ची एक सेकंडहँड पीसीपी घेतली, म्हणजे आधीच हवा भरून ठेवायची टाकीवाली, फिल, म्हणजे टाकीत भरायचा हवेचा दाब, ३००० पीएसआय पर्यंत (साधारण २०७ बार). कागदपत्रं आधी आणि रायफल नंतर, हे त्यांनी बरोबर केलं. ज्याला घ्यायची असेल त्यानेही हाच क्रम ठेवा, कारण एअर रायफलचा कायदा देशागणिक वेगळा आहे, ब्रिटनमध्ये १२ फूट-पाउंड ऊर्जेच्या वरची एअर रायफल फायरआर्म सर्टिफिकेटशिवाय ठेवताच येत नाही आणि ही तर २८० च्या घरातली.

हवेची बंदूक म्हटलं की लोकांना खेळणं वाटतं. १७८० च्या आसपास ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे गिरार्डोनीची एअर रायफल होती, जवळपास ०.४६ ची शिशाची गोळी मारणारी आणि एका वेळी वीसेक गोळ्या भरता येणारी. अमेरिकेतल्या लुईस आणि क्लार्कच्या १८०३-०६ च्या मोहिमेतही एक एअर रायफल होती. म्हणजे मोठ्या बोअरची एअर रायफल ही काही कालपरवाची टूम नाही.

काकांनाही ती नेमकी काय चीज आहे ते पहिल्याच दिवशी कळलं. ०.१७७ साठी त्यांच्याकडे पेलेट ट्रॅप होता, पत्र्याचा डबा, मागे लाकडी फळी, आत चिंध्या. त्याच्यावरच पहिला शॉट मारला. गोळी पत्रा, चिंध्या, फळी सगळं फोडून मागच्या मातीच्या बांधात घुसली. मॅच पेलेट साधारण ८ ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम) आणि ही गोळी २५० ग्रेनची, वजनच तीसपट. बांध होता म्हणून निभावलं. काकांनी त्याच मिनिटाला रायफल खाली ठेवली आणि उंच मातीचा, दगड नसलेला बॅकस्टॉप होईपर्यंत पुढचे पंधरा दिवस एकही शॉट मारला नाही. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय मला तोच वाटतो, कारण अशी गोळी नळी वर करून सुटली तर किलोमीटरभर जाऊ शकते.

अडचण

रायफलसोबत काकांकडे चार प्रकारच्या गोळ्या जमल्या. २५० ग्रेनचा ०.४५२ चा मऊ स्लग (लांबट भरीव गोळी), तो त्यांनी स्वतः विकत घेतला कारण डब्यावर ४५ लिहिलं होतं. तशाच ०.४५२ मधला ३०० ग्रेनचा कडक स्लग, मुळात पिस्तुलासाठी बनवलेला. ४०५ ग्रेनचा ०.४५८ चा कडक, चपट्या नाकाचा स्लग, बारुदाच्या रायफलसाठीचा, तो घेतला कारण जड म्हणजे ताकद. आणि आधीच्या मालकाने रायफलच्या बॅगेत सोडलेली एक छोटी पिशवी, ०.४५७ च्या गोल गोळ्या, पंचवीसेक.

५० यार्डवर ०.४५२ च्या दोन्ही स्लगचा पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पसारा, नऊ-दहा इंच. ४०५ वाला तर त्याहून वाईट, पाचातली दोन छिद्रं लांबट, गोळी आडवी होऊन कागदातून गेलेली, कडेला शिशाचा काळा डाग. ज्या माणसाच्या कागदावर वीस वर्षं एकाच भोकातून पेलेट गेल्या त्याच्यासाठी हे फार लागणारं होतं. ते मला म्हणाले, "अरे, हात गेले की काय माझे?"

इथे चूक माझी झाली. मी म्हटलं, काका स्कोप बघा, जड रायफलच्या झटक्याने स्कोप धरणारे माउंट सरकतात. मग स्कोप बदलला, माउंट बदलले, रेस्ट बदलला, सँडबॅग आणल्या. दीड महिना गेला आणि ग्रुप दहा इंचाचा नऊ इंच सुद्धा झाला नाही. त्या दीड महिन्यात एकदा गंमत म्हणून पिशवीतल्या गोल गोळ्या मारल्या तर त्यांचा ग्रुप तीन इंचांत आला! आम्ही दोघांनी तो कागद बघितला, बरं आहे म्हटलं आणि बाजूला ठेवला. तिथेच थांबायला हवं होतं, कारण तोच स्कोप, तोच रेस्ट, तेच हात, फक्त गोळी वेगळी. रायफल स्वतःच उत्तर देत होती आणि आम्ही माउंटचे स्क्रू आवळत बसलो.

पर्याय काय होते

पहिला पर्याय रायफल विकून टाकायची. काका त्या टोकाला आले होते, नळीच खराब निघाली असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

दुसरा, फिल वाढवायचा. कोणीतरी त्यांना सांगितलं की ३००० वर टाकी भागत नाही, ३५०० भरा, वेग वाढेल, गोळी सरळ जाईल. याला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. टाकीवर लिहिलेला आकडा ही मर्यादा असते, तो सुचवलेला आकडा नव्हे. शिवाय बहुतेक साध्या व्हॉल्व्हमध्ये प्रेशर फार वाढवलं की हॅमर व्हॉल्व्ह पुरता उघडूच शकत नाही आणि वेग उलट कमी होतो. धोका पत्करून तोटाच घ्यायचा.

तिसरा, अजून कडक, अजून जड गोळी आणायची.

चौथा, गोल गोळीवर समाधान मानायचं. हा वाईट पर्याय नव्हता, ५० यार्डपर्यंत गोल गोळी छान चालते, पण ती नळीला फार कमी जागेवर टेकते आणि हवेत वेगही पटकन गमावते, काकांना तर १०० यार्ड हवे होते.

पाचवा पर्याय नळी मोजायचा. हा मी सुचवला तेव्हा काका जवळजवळ चिडलेच. "अरे, पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस ना, त्यात मोजायचं काय?" तर गोम नेमकी यातच आहे. ०.४५ हे नाव आहे, माप नाही. या एकाच नावाखाली कुठल्या नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या खाचा समोरासमोर मोजल्या तर ०.४५२ असतात, कुठल्या ०.४५७, कुठल्या ०.४५८. बारुदाच्या बंदुकीत थोडी बारीक मऊ गोळी सुद्धा मागच्या दाबाने फुगून खाचा भरते. एअर रायफलमध्ये मागे आहेत जेमतेम ३००० पीएसआय, तेवढ्याने गोळी फुगेल या भरवशावर राहता येत नाही. ती नळीत शिरतानाच बरोबर मापाची असावी लागते.

नळी मोजली त्या दिवशी

आधी टाकीतली हवा पूर्ण सोडली, बोल्ट उघडा, ब्रीच (नळीचं मागचं, गोळी भरायचं टोक) रिकामी आहे हे दोघांनी डोळ्यांनी बघितलं. मग काकांनी ०.४५२ चा एक स्लग सहज नळीच्या तोंडावर ठेवला आणि अंगठ्याने दाबलं तर तो आत जायला लागला, पाऊण इंच तरी अंगठ्याच्या दाबानेच गेला. काका नुसते बघत राहिले. खरं तर मायक्रोमीटरची गरज तिथेच संपली होती, तरी मोजलं.

शुद्ध मऊ शिशाचा, नळीपेक्षा किंचित मोठा गोळा घेतला, तेलाचा हात लावला, लाकडी हातोडीने तोंडातून आत बसवला आणि पितळी दांड्याच्या छोट्या तुकड्यांनी हळूहळू ढकलत ब्रीचकडून बाहेर काढला. तुकडे छोटेच घ्या, लांब लाकडी काठी तिरकी फाटली तर पाचरीसारखी आत अडकून बसते. बाहेर आलेल्या गोळ्यावर खाचांचे ठसे इतके स्वच्छ उठले होते की नखाने मोजता येत होते. सहा खाचा, म्हणजे सम, समोरासमोरचं माप सरळ घेता आलं (विषम खाचा असल्या तर साध्या मायक्रोमीटरने हे जमत नाही). खाचेपासून खाचेपर्यंत ०.४५७५ इंच. खाचांच्या मधल्या उंचवट्यांचं समोरासमोरचं माप साधारण ०.४५०. म्हणजे ०.४५२ चा स्लग खाचांपेक्षा साडेपाच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बारीक, उंचवटे त्याला दोन्ही बाजूंनी फक्त एकेक थाऊ धरत होते, मग तो नीट फिरणार कसा आणि बाजूने हवा निसटणार नाही तर काय होणार!

मग ४०५ वाला का आडवा होतो? त्याचं माप तर ०.४५८, बरोबर होतं. म्हणून ट्विस्ट मोजला, म्हणजे खाचा किती इंचांत एक फेरा घेतात ते. फिरत्या हँडलचा क्लीनिंग रॉड, त्यावर घट्ट पॅच, रॉडवर चिकटपट्टीची खूण, आणि खूण अर्धा फेरा फिरेपर्यंत रॉड किती आत गेला ते बघायचं. १५ इंच गेला, म्हणजे ट्विस्ट ३० इंचांत एक फेरा. ग्रीनहिलचं १८७९ चं जुनं सूत्र आहे, शिशाच्या गोळीसाठी: १५० गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले ट्विस्ट, उत्तर येतं ते त्या नळीला झेपणारी गोळीची लांबी. आमच्या नळीसाठी ते १.०५ इंच आलं. ४०५ वाल्याची लांबी व्हर्नियरने १.०८. त्यात हे सूत्र आपल्यापेक्षा बऱ्याच जास्त वेगाच्या गोळ्यांवर बसतं, ६००-७०० एफपीएसला (फूट प्रति सेकंद) लांबी अजून कमीच ठेवावी लागते. म्हणजे ती गोळी या नळीत कधीच स्थिर होणार नव्हती, कितीही स्कोप बदलले तरी. आणि वजन हा शब्दच इथे फसवा आहे, नळीला वजन कळत नाही, लांबी कळते.

मग काय केलं

आता मागणी स्पष्ट झाली होती: व्यास ०.४५७ ते ०.४५९, शिसं मऊ, लांबी ०.९ च्या आत. वजनाचा निर्णय शेवटी ठेवला आणि तो कसा घेतला ते नीट सांगतो कारण बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात.

काकांचं म्हणणं जड हवं, ताकद जास्त. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावला. गोल गोळी १४३ ग्रेन, ८५० एफपीएस, म्हणजे २२९ फूट-पाउंड. ४०५ ग्रेन ५८० एफपीएस, ३०२ फूट-पाउंड. (ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, कॅल्क्युलेटरवर कोणालाही करता येतं.) हवेच्या रायफलमध्ये जड गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि हवेचा जास्त धक्का घेते, त्यामुळे ऊर्जा थोडी वाढते, इथपर्यंत काका बरोबर होते. पण मी त्यांना दुसरा हिशोब करून दाखवला. ५० यार्डवर झिरो केली, म्हणजे गोळी तिथे बरोबर नेमावर लागेल असा स्कोप लावला, तर १०० यार्डवर ५८० ची गोळी सव्वीस-सत्तावीस इंच खाली पडते, ७४५ ने सुटणारी हलकी गोळी सोळाच्या आसपास. आणि अंतराचा अंदाज दहा यार्डने चुकला, टार्गेट ९० वर आहे आणि आपण १०० धरलं, तर जड गोळीची चूक साडेसात-आठ इंचांची, हलकीची साडेचार-पाचची. कागद मारणाऱ्याला ऊर्जेचं काय करायचंय? काका बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होते, मग म्हणाले, "बरं, हलकी आण."

पण मी गोळ्या आणायच्या आधीच त्यांनी एक गोष्ट करून टाकली होती, मला न सांगता २३० ग्रेनचा मोल्ड मागवला होता, ०.४५८ लिहिलेला. घरीच ओतू म्हणाले. ओतायला माझी हरकत नाही, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून, पाण्याचा थेंबही जवळ येऊ न देता कारण वितळलेल्या शिशाखाली पाणी गेलं की त्याची वाफ होऊन शिसं स्फोटासारखं उडतं, आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात नाही. हे सगळं त्यांनी काटेकोर पाळलं. तरी गोळ्या आल्या ०.४५७ पेक्षा किंचित कमी. मोल्डवरचं माप बहुतेक वेळा कडक मिश्रधातूसाठी असतं, शुद्ध शिसं थंड होताना जास्त आकसतं. चाळीसास एक कथील घातल्यावर साचा नीट भरला, बुडाच्या कडा धारदार आल्या, माप ०.४५७५ वर पोचलं. ५० यार्डवर ग्रुप अडीच इंच. दहावरून अडीच! पण मला वाटत होतं अजून आहे तिच्यात.

म्हणून तयार मऊ स्लगचे छोटे नमुने आणले, सगळे २३० ग्रेन, एकाच आकाराचे, फक्त व्यास वेगळा, ०.४५७, ०.४५८, ०.४५९. त्या दिवशी दुसरं काहीही बदललं नाही. ०.४५७ चे दोन इंच. ०.४५९ भरतानाच बोल्टला जोर लागत होता, एक अर्धवट बसलेला बाहेर काढून बघितला तर मागच्या कडेला शिशाची चंद्रकोरीसारखी बारीक कातरलेली कड लोंबत होती. गोळीचं बूड असं बिघडलं की ग्रुप गेलाच, नाकाला थोडा पोचा चालतो, बुडाला चालत नाही. ०.४५८ अंगठ्याच्या दाबाने आत गेला, शेवटी किंचित अडला आणि बसला. सव्वा इंच! काकांनी तो कागद लगेच घडी घालून खिशात ठेवला.

मग हवा. एका फिलवर पाच शॉट क्रोनोग्राफवर: ७३८, ७४६, ७४४, ७३१, ७०२. पाचवा शॉट पहिल्या चारांत मिसळला की १०० यार्डवर तो साडेतीनेक इंच खाली जातो आणि माणूस पुन्हा स्वतःच्या हाताला दोष देतो. म्हणून २९०० ला सुरू करायचं, तीन शॉट, परत फिल. चार मारता येतात, काका तीनच मारतात.

ल्यूबबद्दल, म्हणजे वंगणाबद्दल, एवढंच, बारुदाच्या गोळ्यांसारखं जाड ग्रीस इथे लागत नाही आणि दाबाखालच्या हवेत पेट्रोलियम तेल-ग्रीस जाऊ देणं धोक्याचं आहे, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस. आणि टाकीत हवाच, ऑक्सिजनचा सिलिंडर चुकूनही नाही.

निकाल

आता ५० यार्डवर पाच शॉट सव्वा-दीड इंच, शांत हवेत १०० यार्डवर तीन इंच. वारा हा नवा विषय सुरू झालाय, तासाला दहा मैलांचा आडवा वारा १०० यार्डवर गोळीला तीनेक इंच ढकलतो आणि ०.१७७ वर दहा मीटरच्या आत मारणाऱ्याला वारा वाचायची सवय नसते. मोल्ड फुकट गेला नाही, बनवणाऱ्याकडून ०.४५९ पर्यंत वाढवून घेतला आणि गोळ्या ०.४५८ च्या सायझिंग डायमधून, म्हणजे नेमक्या मापाच्या भोकातून, दाबून काढतात. प्रत्येक गोळी वजन करतात, नेहमीच्या वजनापेक्षा दोन ग्रेनहून जास्त हलकी असली की आत पोकळी धरून परत वितळवायला टाकतात.

परत करायचं झालं तर

नळी पहिल्या दिवशी मोजली असती, सेकंडहँड रायफल होती म्हणून तर जास्तच. विकणाऱ्याने ०.४५ एवढंच सांगितलं होतं आणि आम्ही खाचांचं माप विचारलंच नाही, ते विचारायला हवं होतं. त्याने बॅगेत सोडलेल्या गोल गोळ्यांचा व्यास सुद्धा त्याच दिवशी मोजायला हवा होता, ती पिशवी म्हणजे जवळजवळ चिठ्ठीच होती. मोल्ड नमुन्यांनंतर घेतला असता. क्रोनोग्राफ स्कोपच्या आधी. आणि स्कोपवर बोट ठेवायच्या आधी मी काकांना तीनच प्रश्न विचारायला हवे होते, खाचा किती, ट्विस्ट किती, गोळी किती लांब.

एका निर्णयाबद्दल माझं अजून ठरत नाही. ०.४५९ थोडा कडक केला असता, वीसास एक कथील, तर तो न कातरता बसला असता का? की ब्रीचच्या सुरुवातीची कड जरा घासून मऊ करायला हवी होती? काका दुसऱ्याला तयार नाहीत, चालत्या नळीला हात लावायचा नाही म्हणतात, आणि मला ते पटतंच.

रायफलच्या केसच्या झाकणाला आतून त्यांनी एक कार्ड चिकटवलंय, त्यांच्या तिरप्या अक्षरात: नळी ०.४५७५, ट्विस्ट ३०, गोळी ०.४५८ मऊ २३०, फिल २९००, शॉट ३. खाली नंतर वेगळ्या पेनने जोडलंय, ४०५ या रायफलमध्ये नाही.